कॅपिटॉलचा फोटो काढताय? घुमटावरून नजर जरा खाली आणा

अमेरिकेत राहणारी मराठी माणसं असोत की मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, एखाद्या राज्याच्या राजधानीत पोचले की तिथल्या कॅपिटॉलसमोर, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीसमोर, मधोमध उभं राहून घुमटासकट एक फोटो काढतात. खाली लिहितात, "भव्य वास्तू". फोटोखालची ओळ झाकली तर तो फोटो कुठल्या राज्यातला हे सांगता येत नाही, कारण यातल्या कितीतरी इमारती वॉशिंग्टनच्या घुमटावर डोळा ठेवूनच उभ्या राहिल्या. राज्याचा स्वतःचा इतिहास सापडतो तो खाली, दगडात, पायऱ्यांत आणि रंगात. म्हणून माझा आग्रह एकच: जो इतिहास लिहाल तो फोटोत दिसला पाहिजे.

मिनेसोटाचं सेंट पॉल घ्या. वास्तुविशारद कॅस गिल्बर्टला इमारतीसाठी जॉर्जियाचा पांढरा संगमरवर हवा होता. यादवी युद्ध संपून तीसेक वर्षं झाली होती, जॉर्जिया तेव्हा विरुद्ध बाजूला लढलेलं राज्य, आणि मिनेसोटाच्या स्वतःच्या खाणी होत्या. मोठा वाद झाला. शेवटी पाया आणि पायऱ्यांना सेंट क्लाउडचा ग्रॅनाइट, वरच्या भिंतींना आणि घुमटाला जॉर्जियाचा संगमरवर, अशी तडजोड ठरली. ती आजही बाहेरच्या भिंतीवर दिसते. इमारतीच्या कोपऱ्याजवळ जा, 50 ते 85 मिमीची लेन्स लावा आणि दोन दगड जिथे एकमेकांना भिडतात ती रेषा फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवा. पूर्ण इमारत आली नाही तरी चालेल.

इथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, हमखास फसतं. बर्फ आणि पांढरा संगमरवर एकत्र आले की कॅमेरा ते सगळं राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +2/3 ते +1 द्यावं लागतं. दर्शनी भागावरचे सोनेरी घोडे आणि रथ मात्र नेमके उलटे वागतात. उन्हात सोन्याच्या वर्खावर आधी लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा भाग) जळतो, म्हणजे अति उजळून त्यातला तपशील जातो, आणि सोन्याच्या जागी पिवळट पांढरा डाग उरतो, तेव्हा -2/3 किंवा -1 वर या. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघताना लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, एकत्रित आलेखात हे जळणं लपतं. दोन्ही गोष्टी एकाच फोटोत बसवण्यापेक्षा दोन फोटो काढावेत.

टेक्ससच्या कॅपिटॉलची गोष्ट जास्त कडू आहे आणि तीच लोक लिहीत नाहीत. ऑस्टिनची इमारत 1888 ची. तिचा मोबदला राज्याने रोख दिला नाही, उत्तरेकडची 30 लाख एकर जमीन दिली. पुढे त्याच जमिनीवर एक्सआयटी हे अवाढव्य गुरांचं रँच उभं राहिलं. बाहेरून लावायचा दगड आधी जवळचाच चुनखडक ठरला होता. पण त्यात लोहाचे कण होते, हवा लागल्यावर गंजाचे ओघळ उमटायला लागले, आणि मग मार्बल फॉल्सजवळच्या डोंगरातला लालसर ग्रॅनाइट घेतला गेला. तो काढायला कैदी लावले. त्याविरुद्ध ग्रॅनाइट कामगारांच्या संघटनेने कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा कंत्राटदाराने स्कॉटलंडच्या अबर्डीनहून पाथरवट आणले. हे सगळं लिहिताना सोबत घुमटाचा फोटो लावला तर काय उपयोग? छिन्नीचे घाव दिसतील असा भिंतीचा जवळचा फोटो हवा. दर्शनी बाजू दक्षिणेकडे आहे, त्यामुळे हिवाळ्यातल्या दुपारी ऊन थेट समोरून पडतं आणि दगड सपाट दिसतो. उन्हाळ्यात, दिवस डोक्यावर असताना, तेच ऊन भिंतीवरून घासत खाली येतं आणि प्रत्येक खडबडीत कडेला सावली मिळते. एरवी भर दुपारी फोटो काढू नये म्हणतात, दगडाच्या पोतासाठी मात्र हीच वेळ चांगली.

कोलोरॅडोच्या डेन्व्हरला तर पायऱ्याच बोलतात. पश्चिमेच्या जिन्यावर समुद्रसपाटीपासून एक मैल उंची दाखवणाऱ्या एक नाही, तीन खुणा आहेत. पंधराव्या पायरीवर कोरलेली अक्षरं, 1969 साली विद्यार्थ्यांनी पुन्हा मोजून अठराव्या पायरीवर दिलेली खूण आणि 2003 च्या मोजणीनंतर तेराव्या पायरीवर आलेली तिसरी. इमारत हलली नाही, उंची मोजण्याची पद्धत सुधारत गेली. बहुतेक जण एकाच खुणेपाशी उभं राहून फोटो काढतात. सहा पायऱ्यांत तिन्ही येतात, तर कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा, लेन्सचं छिद्र लहान, एफ/11 ठेवा म्हणजे जवळचं-लांबचं स्पष्ट येईल, पंधराव्या पायरीवर फोकस करा. पश्चिमेकडची बाजू असल्याने सकाळी हा जिना सावलीत असतो. दुपारी एक-दोनच्या सुमारास तिरपं ऊन आलं की अक्षरं उठून दिसतात.

मिशिगनच्या लॅन्सिंगला आतच जायला हवं. इलायजा मायर्स या वास्तुविशारदाची 1879 ची ही इमारत (टेक्ससचा मूळ आराखडाही त्याचाच) कमी पैशांत श्रीमंत दिसावी म्हणून रंगाऱ्यांनी सजवली. संगमरवरी वाटणारे खांब ओतीव लोखंडाचे आहेत, अक्रोडाचं वाटणारं लाकूड साधं पाइनचं आहे. फ्लॅश मारला की ही सगळी कारागिरी चकचकीत पट्ट्यात बुडते. खिडकीचा उजेड बाजूने पडेल तिथे उभे राहा आणि रंगाच्या शिरा टिपा. घुमटाखालच्या गोल दालनाची, रोटंडाची, जमीन काचेच्या 976 तुकड्यांची आहे. खालच्या मजल्यावर उतरून तीच काच छत म्हणूनही बघता येते.

रोटंडातून वर बघणारा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि बहुतेकांचा वाकडा येतो. कॅमेरा बरोबर मध्याखाली नसला तर घुमटाची वर्तुळं एकमेकांत बसत नाहीत, आणि हे नंतर संगणकावर नीट सुधारत नाही. जमिनीवरच्या नक्षीचा मध्य शोधा, कॅमेरा त्यावर पाठीवर झोपवा, 14 ते 16 मिमी लेन्स, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 400, दोन किंवा दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा, नाहीतर कडेला तुमचंच डोकं येतं. एक चाचणी फोटो काढा, सर्वांत आतलं वर्तुळ ज्या बाजूला सरकलेलं दिसेल त्याप्रमाणे कॅमेरा बोटभर हलवा, पुन्हा बघा. वरच्या झरोक्यातला उजेड निळसर आणि दिवे पिवळे असतात, म्हणून रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल, रंग नंतर सुधारता येतात) काढा. +2, 0, -2 असे तीन फोटो घेतले की झरोका आणि कोपरे दोन्ही वाचतात. एलईडी दिव्यांमुळे आडवे पट्टे आले तर शटर 1/60 वर आणा, तिथली वीज 60 हर्ट्‌झची आहे.

तारखांच्या बाबतीत फार ढिलाई दिसते. सेंट पॉलचंच बघा: काम सुरू झालं 1896 ला, कोनशिला बसली 1898 ला, कारभार सुरू झाला 1905 ला. नुसतं "1898 ची इमारत" लिहू नका, 1898 ला काय झालं ते लिहा. दगड, कंत्राटदार, नंतरचे बदल यांची खात्रीची माहिती नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीच्या नोंदणी अर्जांत मिळते. जुने नकाशे आणि फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात फुकट बघता येतात.

जुन्या पोस्टकार्डाच्या जागेवरूनच नवा फोटो काढायचा असेल तर आधी झूमला हात लावू नका. पोस्टकार्डात पुतळ्याचं डोकं मागच्या कुठल्या खिडकीवर येतं ते बघा, आणि तसंच दिसेपर्यंत स्वतः सरका, डावीकडे-उजवीकडे, मग मागेपुढे. जागा जुळली की मगच झूम. प्रकाशित होऊन 95 वर्षं उलटलेलं अमेरिकन पोस्टकार्ड शेजारी लावायला हरकत नसते. सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या इमारतीच्या फोटोलाही तिथला कायदा आडवा येत नाही. आवारातल्या अलीकडच्या पुतळ्यांचं आणि भित्तिचित्रांचं मात्र तसं नाही, त्यांचे हक्क कलाकाराकडे असू शकतात. त्यांचे फोटो विकायचे किंवा छापायचे असतील तर आधी परवानगी काढा.