आधी सही, मग चिरा

गोव्यात स्वतःचे घर बांधावे असा विचार आपल्या मनात आला असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन, कारण विचार करण्यासाठी अजून तरी कोणाचा ना हरकत दाखला लागत नाही. ज्यांनी डोंगराच्या उतारावर जागा घेऊन दोन पावसाळ्यांच्या आत जलतरण तलावासह बंगला उभा करण्याचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा लेख नाही. ते बंगले पहिल्या पावसानंतरच्या अळंब्यांप्रमाणे आपोआप उगवतात आणि ते कोणी पेरले याची चौकशी गावात कोणी करत नाही. हा लेख आपल्यासारख्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांचे वडिलोपार्जित भाट, म्हणजे घरालगतची बागायत, आहे, भाटात जुन्या घराचे जोते आहे, आणि त्याच जोत्यावर चार खोल्या बांधण्याची माफक व म्हणूनच अशक्यप्राय इच्छा आहे.

घराची पूर्वतयारी आजोबांपासून करावी. आजोबा शक्यतो एकुलते एक असावेत आणि त्यांना अपत्यही एकच असावे. माझ्या आजोबांनी ही दूरदृष्टी दाखवली नाही. त्यांना सात मुले झाली, आणि सत्तरच्या दशकात जमिनीची मोजणी करणारे सरकारी कर्मचारी आले त्या दिवशी ते स्वतः बाजाराला गेले होते. घरी हजर असलेल्या त्यांच्या धाकट्या भावाने पाहुण्यांना शहाळे दिले, नाव सांगितले, आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर कब्जेदार म्हणून ते नाव आजतागायत विराजमान आहे. शहाळ्याच्या बदल्यात एवढी जमीन गेल्या पन्नास वर्षांत गोव्यात अन्य कोणाला मिळाली नसावी. त्याच उताऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. घराचा नकाशा काढण्यापूर्वी तो वाचावा. मात्र जेवण झाल्यावर वाचावा.

त्यानंतर सह्या गोळा कराव्यात. इतर राज्यांतील आपल्या मित्रांना वाटते की भावाने हक्क सोडला म्हणजे काम झाले. त्या बिचाऱ्यांवर १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कधी लागू झाला नाही. आपल्याकडे मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, आणि विवाहानंतर मालमत्ता सामान्यतः पतिपत्नींची समाईक मानली जात असल्याने भावासोबत वहिनीची आणि आत्यासोबत तिच्या यजमानांचीही सही लागते. देशभर ज्या समानतेसाठी परिषदा भरतात ती आपल्याला आयती मिळालेली आहे, आणि तिचा खरा अभिमान एका सहीसाठी मस्कतहून येणाऱ्या विमानाची वाट पाहताना वाटतो. माझ्या बाबतीत एकूण तेवीस सह्या निघाल्या. त्यांपैकी दोन व्यक्ती एकमेकांशी १९८९ पासून बोलत नसल्यामुळे त्यांना एकाच दिवशी नोटरीकडे नेता येत नव्हते, आणि एकाची सही दुसऱ्याने आधी पाहिल्याशिवाय दुसरा करणार नव्हता.

या कामासाठी वकिलापेक्षा मोठी पिशवी अधिक उपयोगी पडते. बेळगावला दिलेल्या थोरल्या आत्याकडे मी सोले, सुके बांगडे आणि कागद घेऊन गेलो. तिने बांगडे मोजून घेतले, चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि नकाशावर बोट ठेवून विचारले, “म्हजो आंबो खंय?” भाटाच्या ईशान्येला तिच्या लहानपणापासूनचे मानकुरादाचे झाड आहे. वास्तुविशारदाने नेमके तेथे स्वयंपाकघर काढले होते. “सय करतां, पूण म्हज्या आंब्याक हात लावचो न्हय,” असे म्हणून तिने पेन खाली ठेवले. आज माझे स्वयंपाकघर वाकडे आहे. पाहुणे त्याला वास्तुशास्त्रातील दोष समजतात; प्रत्यक्षात तो एका सहीचा आकार आहे.

एक व्यावहारिक सूचना येथेच नोंदवतो. सगळ्यांकडून बांधकामाला हरकत नसल्याचे लिहून घ्यावे आणि वाटणीचा विषय मुळीच काढू नये. वाटणी हे पुढच्या पिढीचे काम आहे. तिलाही जीवनात काही ध्येय हवे.

कार्यालयांबद्दल फार लिहीत नाही, कारण ती मंडळी वाचत असतील. जागा वस्तीच्या विभागात येते की बागायतीच्या, हे आपण तेथे चार पिढ्या राहिलो यावरून ठरत नसते, प्रादेशिक आराखडा २०२१ मधील रंगावरून ठरते. रंग योग्य निघाल्यास १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली बिगरशेती वापराची सनद घ्यावी, मग नगरनियोजन, मग पंचायतीचा बांधकाम परवाना. आरोग्य केंद्राचाही दाखला लागतो. शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटर दूर आहे की नाही हे तेथे पाहतात, मालकाचा रक्तदाब पाहत नाहीत. प्रत्येक टेबलावर आपल्याला ‘जातलें’ हा शब्द ऐकू येईल. मराठीत त्याचा अर्थ ‘होईल’ असा होतो, परंतु त्यात कर्ता नसतो आणि तारीखही नसते. ज्यांना इतका धीर नाही, त्यांनी परवान्याविना बांधून मोकळे व्हावे. २०१६ मध्ये सरकारने २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची अनधिकृत बांधकामे नियमित करून घेण्याचा कायदा केला, तेव्हा नियम पाळून रांगेत उभे राहिलेल्या माझ्यासारख्यांना रांग कोणत्या दिशेने सरकते आहे याचा नीट उलगडा झाला.

आता प्रत्यक्ष बांधकाम. गोव्यात जमीन चौरस मीटरमध्ये घेतात आणि मेस्त दर चौरस फुटात सांगतो. एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट असतात, हा आकडा पाठ करावा, कारण आपल्या बचतीचा मोठा भाग या दोन मापांच्या मधल्या फटीतून वाहून जाणार आहे. चिरे, म्हणजे भिंतीचे जांभा दगड, खाणीवर स्वतः जाऊन निवडावेत. पांढऱ्या मातीच्या शिरा असलेला चिरा नाकारावा, ठोकल्यावर भदभद वाजणाराही नाकारावा. मग खाणवाला आदराने मान डोलावेल आणि नाकारलेले चिरे ट्रकात सर्वांत खाली भरेल. ताजा चिरा मऊ आणि ओलसर असतो, हवा लागली की तो कडक होत जातो. आमच्या परदेशस्थ चुलतभावांचेही तसेच झाले, त्यामुळे मला हा गुणधर्म वेगळा शिकावा लागला नाही.

नद्यांतील रेतीउपशावर न्यायालयीन निर्बंध आल्यापासून रेती ही वस्तू सोनाराकडे मिळायला हवी होती. ती मिळते मात्र रात्री दोन वाजता, दिवे मालवून आलेल्या टिपरमध्ये. अशा वेळी ती कोठून आली हे विचारू नये, परंतु चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावी: खारट लागली तर खाडीची आहे, आणि तिच्यातले मीठ स्लॅबमधल्या लोखंडाला गंज चढवते. मी चव घेतली. खारट लागली. टिपर तोपर्यंत गेलेला होता. मग ती रेती नळाच्या पाण्याने धुतली, ज्या पाण्याचे बिल पाहून पत्नीने त्यापेक्षा मिठाईच घेतली असती तर स्वस्त पडले असते असे मत व्यक्त केले.

कामाचे वेळापत्रक मेस्ताच्या ‘फाल्यां’वर आखावे. फाल्यां म्हणजे उद्या. परंतु हा उद्या चतुर्थीच्या अलीकडे असेल की शिगम्याच्या पलीकडे, हे मेस्तालाही ठाऊक नसते. स्लॅब मेच्या अखेरीस घालावा असा माझा आग्रही सल्ला आहे. त्यावर वाफे बांधून किमान सात दिवस पाणी साठवावे लागते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की ते काम परमेश्वर विनामूल्य करतो. तो नंतर सप्टेंबरपर्यंत थांबत नाही, आणि प्लास्टर न झालेल्या भिंतींवर माडाच्या विणलेल्या झावळ्या बांधून आपण आपल्या घराकडे छत्रीखालून पाहत राहतो.

छपराला मंगलोरी कौले घालायची असतील तर एक खबरदारी घ्यावी. मंगळूरला बासेल मिशनने एकोणिसाव्या शतकात कारखाने काढल्यापासून छपराचे कौल पैसे टाकले की मिळते. ग्रामदेवतेचा कौल तसा मिळत नाही. तो देवतेच्या मूर्तीला लावलेली फुलाची पाकळी कोणत्या बाजूने पडते यावरून कळतो, आणि आमच्या मेस्ताने पाकळी उजवीकडून पडल्याखेरीज शिडी लावली नाही. पाकळी तीनदा डावीकडून पडली. चौथ्यांदा राखणदाराचा, म्हणजे जागेचे रक्षण करणाऱ्या देवाचा, राहिलेला नारळ आठवला, तो दिला, आणि पाकळी उजवीकडून पडली. संपूर्ण प्रक्रियेत त्रुटी स्पष्ट सांगून त्याच दिवशी अर्ज निकाली काढणारे हे एकमेव कार्यालय मला आढळले.

घर पूर्ण झाल्यावर संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसावे. साधारण दुसऱ्या आठवड्यात बाहेरच्या राज्याच्या क्रमांकाची पांढरी गाडी फाटकाशी थांबेल, एक सद्गृहस्थ उतरून आंब्याकडे, कौलांकडे आणि शेवटी आपल्याकडे पाहतील आणि हिंदीत किंमत विचारतील. रागावू नये. त्यांना आदराने सोप्यावर बसवावे, सोलकढी द्यावी आणि आजोबांच्या बाजारापासून सुरुवात करावी. माझ्याकडे आलेले गृहस्थ मस्कतपर्यंत टिकले होते. आत्याच्या यजमानांच्या निधनानंतर त्यांच्या वाट्याचे काय झाले हे मी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी पेला अर्धाच ठेवून गाडी सुरू केली.