ढालकिडे सोडले की टोमॅटोची फवारणी बंद? कसलं काय!

भातकापणी होऊन मळ्यात टोमॅटोची रोपं लागली की दरवर्षी तोच मेसेज फिरतो: "ढालकिडे आणून सोडा, ८ दिवसात सगळी कीड साफ, फवारणी कायमची बंद, परदेशात सगळे हेच करतात." यंदा तो फोटोसकट आमच्या काकांनीच पाठवला, म्हणून लिहायला बसलो. मित्रकिडींच्या, म्हणजे पिकावरची कीड खाणाऱ्या किड्यांच्या, विरोधात मी नाही हां, पण हे जरा अतीच झालं.

"सगळी कीड" म्हणजे कुठली? ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड, त्याचं मुख्य खाणं मावा. फळ पोखरणारी अळी एकदा टोमॅटोत शिरली की हा बाहेर बसून काय करणार, तिला अंड्यातच गाठायला लागतं आणि ते काम ट्रायकोग्रामाचं (किडीच्या अंड्यात आपली अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी), नाहीतर मग १६ ओळींमागे १ ओळ झेंडूची लावा, रोपं टोमॅटोपेक्षा जुनी घ्या म्हणजे फुलं एकदमच येतात आणि अळीची मादी अंडी घालायला झेंडूकडे वळते. पांढरी माशी तर थोडी असली तरी लीफ कर्लचा, म्हणजे पानं गुंडाळणाऱ्या रोगाचा, व्हायरस पसरवते, तिथे रोपवाटिकेवर बारीक नेट आधी. आणि हिरवं झाड उभ्या उभ्या सुकलं तर खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरा, दुधासारखी धार सुटली की तो बॅक्टेरियाचा मर रोग, त्याला कुठलाच किडा खात नाही.

आता "सोडा" हे. टोमॅटोची बगल फुटी काढताना बोटं चिकट हिरवी-काळी होतात ना, ते पानाखोडावरच्या बारीक केसांतून येतं. आपल्याला साबण लागतो, पण इवल्याशा अळीला त्यातून चालायचं म्हणजे डांबरात चालणं. ढालकिड्याच्या आणि क्रायसोपर्ला या दुसऱ्या मित्रकिडीच्या लहान अळ्या त्यात अडकतात, ट्रायकोग्रामापण टोमॅटोवर इतर पिकांसारखा जोमाने चालत नाही. क्रायसोपर्लाच्या अळ्या एका जागी ओतल्या तर एकमेकींनाच खातात, ते वेगळंच! मी एकदा पाकीट मागवून भर दुपारी प्रौढ ढालकिडे सोडले होते, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चार आणि बाकीचे शेजारच्या वालावर, कारण मावा तिकडे होता.

"परदेशात" बंद काचघरं असतात हो, आणि टोमॅटोवर तिकडे मुख्यतः मॅक्रोलोफस नावाचा ढेकूण वापरतात, तो त्या केसांवर आरामात फिरतो. स्पेनमध्ये नेसिडिओकोरिस नावाचा तसलाच ढेकूण वापरतात, पण भक्ष्य संपलं की तो टोमॅटोच्याच खोडाला सोंड लावतो, तपकिरी कडी पडतात. फुकट काही नाही.

"फवारणी कायमची बंद" होणार नाही, पण उगाचची नक्की होईल. दिसला किडा की पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं तर आधी मित्रकिडी मरतात आणि मागून लाल कोळी ही रस शोषणारी कीड उसळते. त्यापेक्षा बांधावर चवळी टाका, तिच्यावरचा काळा मावा टोमॅटोवर सहसा बसत नाही पण ढालकिडे त्याच्यामागे आपोआप येतात. त्यांची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसते, तिला कीड समजून चिरडू नका.

आणि काका, मेसेजमधला तो फोटो. मळकट तांबूस, चकाकी नाही, अंगावर लव, ठिपके मोजले तर २८. तो एपिलॅक्ना भुंगा आहे, वांग्याटोमॅटोची पानं खरवडून जाळी करणारा. निदान तो तरी डिलीट करा.