भूत नाही हो, टेप आहे ती

परत तो फॉरवर्ड आलाय, यावेळी दोन ग्रुपवर. जुन्या इंग्रजी रॉक गाण्यांत मुद्दाम लपवलेले आवाज आहेत, कुठे सैतानाचं नाव, कुठे मेलेल्या माणसाची खूण, कंपन्यांनी सगळं दाबून ठेवलं आणि कोर्टात म्हणे सिद्धही झालं. आवाज आहेत हे मान्य, रात्री हेडफोन लावून मीही ते शोधत बसलोय. माझं भांडण "मुद्दाम" आणि "लपवलेले" या दोन शब्दांशी आहे.

पहिलं, लेड झेपलिन या बँडचं 'स्टेअरवे टू हेवन' उलटं वाजवलं की सैतान ऐकू येतो. येतो ना, पण खाली लिहिलेल्या ओळी वाचत ऐकलं तर! काही न सांगता भावाला ती क्लिप ऐकवली तर म्हणाला कोणीतरी गुळण्या करतंय. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातल्या व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी हेच रीतसर तपासून १९८५ मध्ये छापलंय, उलट्या बोलण्यातून कोणाला अर्थ लागत नाही, पण काय ऐकू येणार ते आधी सांगितलं की लगेच ऐकू यायला लागतं. आणि त्यांनी त्यासाठी बायबलमधलं स्तोत्रसुद्धा उलटं वाजवलं होतं.

दुसरं, त्याच बँडच्या 'होल लॉटा लव्ह'मधलं भूत. हा माझा लाडका मुद्दा. गाण्याच्या शेवटाकडे सगळं थांबतं आणि गायक रॉबर्ट प्लांट ओरडायच्या आधीच त्याचाच आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा येतो. झालं असं की आधी गायलेला एक टेक टेपवर झिरपला होता आणि तो काही केल्या जाईना, परत रेकॉर्ड करायची सोय नव्हती, मग इंजिनियर एडी क्रेमरने वैतागून त्यावर एको टाकून बघितला आणि गिटारवाला जिमी पेज म्हणाला मस्त आहे, राहू दे. म्हणजे चूक झाकता येईना म्हणून तिलाच नटवलं. असंच एक भूत टेप नुसती पडून राहिली तरी तयार होतं. रिळावर टेपचे थर एकमेकांना चिकटून असतात, एका थरावरचा जोरदार आवाज शेजारच्या थरावर हलकासा उमटतो आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते. म्हणून स्टुडिओवाले टेप उलटी न गुंडाळता शेवटचं टोक बाहेर ठेवूनच ठेवायचे, म्हणजे सावली आवाजाच्या नंतर पडते आणि त्यातच बुडून जाते.

तिसरं, बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'च्या शेवटी जॉन लेनन म्हणे बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीला पुरल्याचं सांगतो. तो "क्रॅनबेरी सॉस" म्हणतोय बाबांनो! १९८० मध्ये मुलाखतीत त्याने स्वतः सांगितलंय, आणि पुरलेला पॉल त्यानंतर कित्येक दशकं स्टेजवर गातोय.

बीटल्सच्याच 'अ डे इन द लाइफ'मध्ये आकडे मोजणारा गूढ माणूस? तो माल एव्हान्स, बीटल्सचा मदतनीस. मधले २४ बार (तालाची आवर्तनं) रिकामे सोडले होते, ते कळावेत म्हणून तो मोठ्याने मोजत होता आणि संपल्यावर त्याने गजर वाजवला. पुढची ओळ झोपेतून उठण्याचीच होती, त्यामुळे गजर ठेवून दिला.

आता कंपन्यांनी दाबून ठेवलं म्हणे. पिंक फ्लॉइड या बँडने १९७९ मध्ये 'एम्प्टी स्पेसेस' या गाण्यात खरंच उलटा निरोप घातला, आणि निरोप काय, तर अभिनंदन, तुम्हाला गुप्त निरोप सापडला!

राहिलं कोर्ट. १९९०, नेवाडातलं रीनो, जुडास प्रीस्ट या बँडवरचा खटला. एका गाण्यात "डू इट" (करून टाक) लपवलंय असा आरोप होता. जज म्हणाले, तसं काहीतरी ऐकू येतं खरं, पण तो गाणाऱ्याचा श्वास आणि गिटार योगायोगाने एकत्र आल्याचा परिणाम आहे. निकाल बँडच्या बाजूने लागला. फॉरवर्डवाल्यांनी बहुतेक खटल्याची फक्त हेडलाइन वाचलीय, नाहीतर हे सुटलं नसतं की गायक रॉब हॅलफर्डने आपलीच गाणी उलटी लावून त्यातला "गुप्त निरोप" कोर्टाला ऐकवला होता: आई, माझी खुर्ची मोडली.