इथून फाडा

पुड्याच्या कोपऱ्यावर ‘इथून फाडा’ असं छापणाऱ्याला मे महिन्यात परभणीच्या एसटीत, शेवटच्या सीटवर, घामेजल्या बोटांनी चिवड्याचा पुडा फोडायला बसवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आधी बोटं सटकतात. मग नख, मग दात. शेजारचे मामा ‘किल्ली घाला की’ म्हणतात. आणि मग पुडा असा फाटतो, की निम्मा चिवडा पुढच्या मावशींच्या अंबाड्यात.

दोष मनगटाचा नाही. पुड्याची ही प्लॅस्टिकची फिल्म कारखान्यात लांबीला आणि रुंदीला, दोन्हीकडून ताणलेली असते. त्यामुळं ती फाटायला लवकर तयार होत नाही. पण एकदा चीर गेली की आवरत नाही. लग्नातल्या मानपानासारखं. म्हणून कडेला खाच देतात. खाच नसली तर वरच्या करवती कडेतली कुठलीही खोबण चालते. दोन्ही चिमटी खोबणीला चिकटून धरायच्या. एक हात पुढं, एक मागं. त्याहून शहाणपणाचं म्हणजे फाडूच नये. वरच्या सीलखाली पुढचा आणि मागचा पदर चिमटीत धरून हळूहळू विरुद्ध बाजूंना ओढावा. सील उकलतं, चिवडा जागेवर राहतो.

एवढा बंदोबस्त तेलापायी. ऑक्सिजन लागला की तेल खवट, ओल लागली की पोहे सादळलेले, आणि उजेड खवटपणाला हातभार लावतो. म्हणून आतून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ. ‘हवाच विकतात मेले’ म्हणून आपण शिव्या घालतो, ती हवा बहुधा नायट्रोजन असते: ऑक्सिजनला हुसकावते, वर गादीचंही काम करते. २५ अंशांना भरलेला वायू ४३ अंशांना सुमारे ६ टक्के फुगतो. टपरीवर उन्हात टांगलेल्या माळा उगाच टम्म दिसत नाहीत.

बचत गटाच्या शेंगदाणा चटणीची रड उलटी. ती फार सहज उघडते. कधी पिशवीतच, आपल्याला न विचारता. भरताना पुडीच्या तोंडाला तेल लागतं आणि तेलकट प्लॅस्टिक एकमेकांना धरत नाही. उष्णता कमी पडली तर सील सुटतं, जास्त झाली तर कड आक्रसते. चटणी रुंद नळीच्या नरसाळ्यानं भरावी, तोंड कोरड्या फडक्यानं पुसावं, आणि दर घाण्यातली एखादी पुडी बादलीत बुडवून दाबावी. बुडबुडा आला, की मशीनची उष्णता तपासायची.

मोठ्या कंपन्यांच्या पुड्यांसाठी मात्र पानाच्या डब्यातला अडकित्ता बरा. सुपारीची पुडीसुद्धा हल्ली त्यानंच फोडावी लागते.