मॅनेजर हाकलला की ट्रॉफी मिळते? चेल्सीचा दाखला नीट वाचा

एखाद्या इंग्लिश क्लबने मॅनेजरला घरी पाठवलं आणि फॅन्स मालकावर चिडले, की एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: मालक अब्रामोविचने चेल्सीत सतत मॅनेजर बदलले आणि ट्रॉफ्यांची रांग लावली, नवा माणूस आला की निकाल लगेच सुधारतात, मँचेस्टर युनायटेडने फर्ग्युसनला दिलेल्या वेळेचे गोडवे आता शिळे झाले, हकालपट्टीची भरपाई या धंद्यात चिल्लर आहे, आणि शेवटी पैसा मालकाचा, तेव्हा माणूसही त्याच्याच मर्जीचा. फॅन्सनी मॅच बघावी, नेमणुकांत नाक खुपसू नये.

यातला एक मुद्दा बराचसा बरोबर आहे. बाकीच्या चारांत अर्धी माहिती आहे, आणि उरलेली अर्धी सोयीस्करपणे गाळलेली आहे.

‘चेल्सीने हेच केलं आणि जिंकलं’

आकडे खरे आहेत. २००३ ते २०२२ या काळात चेल्सीने पाच लीग आणि दोन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. २०१२ आणि २०२१ या दोन्ही चॅम्पियन्स लीग तर हंगामाच्या मध्येच मॅनेजर बदलल्यावर आल्या. दाव्याचा सगळा जोर इथेच आहे, म्हणून २०१२चा हंगाम उलगडून पाहू.

फेब्रुवारी २०१२मध्ये चॅम्पियन्स लीगच्या लढतीत चेल्सी नेपल्समध्ये ३-१ हरली. त्या रात्री मॅनेजर आंद्रे व्हिलास-बोआसने लॅम्पार्ड, अ‍ॅश्ली कोल आणि एसियन यांना बेंचवर बसवलं होतं. जुनी फळी मोडून नवा संघ उभा करायचा, हेच त्याचं काम होतं. ४ मार्चला तो गेला आणि त्याच्या जागी त्याचाच सहायक रॉबर्तो दि मात्तेओ आला. परतीच्या लढतीत चेल्सी ४-१ जिंकली. गोल कोणाचे? द्रोग्बा, टेरी, लॅम्पार्ड आणि इव्हानोविच. म्युनिकच्या अंतिम सामन्यात टेरी निलंबित होता. चेक, कोल, लॅम्पार्ड, द्रोग्बा मैदानात होते. टेरी आणि लॅम्पार्ड तर अब्रामोविचने क्लब घेण्याआधीपासून तिथे होते, चेक आणि द्रोग्बा २००४ला आले. म्हणजे आठ वर्षं मॅनेजर येत-जात राहिले, संघाचा कणा हलला नाही. आणि ज्याला तो हलवायला आणलं, त्याचीच नोकरी आधी गेली. तो हंगाम लीगमध्ये सहाव्या क्रमांकावर संपला, ही गोष्ट त्या मजकुरात कधीच नसते. दि मात्तेओलाही नोव्हेंबरात काढलं.

दुसरं, मॅनेजरच्या वरची खुर्ची. मायकेल एमेनालो २०११ ते २०१७ टेक्निकल डायरेक्टर होता, मरिना ग्रानोव्स्काया २०१३पासून २०२२पर्यंत संचालक मंडळावर राहून खरेदी-विक्री पाहत होती. तिसरं, अब्रामोविचने क्लबला दिलेलं सुमारे १५० कोटी पौंडांचं कर्ज, जे त्याने जाताना सोडून दिलं. चुकीच्या नेमणुकीची किंमत असा कोणी भरत असेल तर चूक परवडते. म्हणून ती पद्धत शहाणपणाची ठरत नाही.

आणि हा कणा, ही वरची खुर्ची काढून घेतली तर काय होतं, तेही चेल्सीनेच दाखवलं. मे २०२२मध्ये टॉड बोली आणि क्लिअरलेक ही गुंतवणूक कंपनी यांनी क्लब घेतला. ग्रानोव्स्काया गेली, पेटर चेक सल्लागारपद सोडून गेला, आणि बोली स्वतःच हंगामी स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाडूंची निवड आणि खरेदी पाहणारा प्रमुख, झाला. त्या उन्हाळ्यात २५ कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. १ सप्टेंबरला, खेळाडू-खरेदीची खिडकी बंद होता होता, स्ट्रायकर ऑबामेयांगला घेतलं; डॉर्टमुंडमध्ये तो चेल्सीचा मॅनेजर टुखेल याच्याकडे खेळला होता, हे त्या खरेदीमागचं मोठं कारण. ७ सप्टेंबरला टुखेललाच काढलं. मॅनेजरला हवा म्हणून खेळाडू घ्यायचा आणि सहा दिवसांनी मॅनेजरच नाही! ग्रॅहम पॉटरला ब्रायटनहून त्याच्या सहकाऱ्यांसह आणलं, एप्रिलमध्ये त्यालाही घालवलं, लॅम्पार्डला हंगामी म्हणून बसवलं. शेवटचा क्रमांक बारावा.

त्याच हंगामात ब्रायटननेही मॅनेजर बदलला होता, खरं तर त्याच व्यवहारात. पॉटर आणि त्याचे सहकारी एका झटक्यात गेले. मालक टोनी ब्लूमच्या या क्लबने दहा दिवसांत रॉबर्तो दे झेर्बीला आणलं, आणि ब्रायटन सहावं येऊन इतिहासात पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेत पोचलं. बदल एकच, आठवडाही जवळपास एकच. एका क्लबकडे पुढच्या माणसाची यादी तयार होती, दुसऱ्याकडे चेकबुक होतं.

२०२५मध्ये चेल्सीने कॉन्फरन्स लीग आणि क्लब वर्ल्ड कप जिंकला, हे मान्य. पण त्याआधीच्या तीन वर्षांत खेळाडूंवर ओतलेला पैसा बघता त्याचं श्रेय हकालपट्ट्यांना देणं अवघड आहे.

‘नवा आला की निकाल सुधारतात’

सुधारतात. प्रश्न असा की जुना राहिला असता तर सुधारले नसते का? मॅनेजर काढतात तो चार-पाच पराभव लागोपाठ झाल्यावर, म्हणजे क्लब आपल्या नेहमीच्या पातळीच्या बऱ्याच खाली गेलेला असताना. तिथून वर येणं ही बहुतेक वेळा फक्त सरासरीकडे परत येण्याची चाल असते. यान व्हान ऑर्स आणि मार्टिन व्हान टॉयल या दोन डच संशोधकांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डच लीगमधल्या मॅनेजर काढलेल्या क्लबांची तुलना तशीच घसरण होऊनही न काढलेल्या क्लबांशी केली. अपेक्षित निकाल त्यांनी सट्टेबाजांच्या भावांवरून धरले. दोन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली.

घरबसल्या तपासायचं असेल तर फक्त गुण मोजू नका. बदलाआधीच्या आणि नंतरच्या पाच-सहा सामन्यांचे प्रतिस्पर्धी, घरचे-बाहेरचे सामने, दुखापतीतून परतलेले खेळाडू आणि अपेक्षित गोलांचा (संधींच्या दर्जावरून मोजलेल्या गोलांचा) फरक शेजारी-शेजारी मांडा. अपेक्षित गोल तेवढेच राहून गुण वाढले असतील, तर नव्या माणसाने अजून काही बदललेलं नाही.

वॉटफर्ड हे याचं टोक. २०१९च्या मे महिन्यात एफए कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेणारा हावी ग्रासिया सप्टेंबरात, चार लीग सामन्यांनंतर गेला. किके सांचेस फ्लोरेस डिसेंबरच्या पहिल्या दिवशी गेला. नायजेल पीअरसनने खरोखर उसळी आणली, लिव्हरपूलला ३-० हरवलं. त्यालाही दोन सामने उरले असताना काढलं, तेव्हा संघ रेलिगेशनच्या (खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या) रेषेपेक्षा तीन गुणांनी वर होता. उरलेले दोन्ही सामने हरून वॉटफर्ड खाली गेलं. पुढे २०२२मध्ये त्यांनी रॉब एडवर्ड्सला आणलं, काहीही झालं तरी त्याच्या पाठीशी राहू असं जाहीर केलं, आणि सप्टेंबरात काढून टाकलं. त्याच हंगामात एडवर्ड्सने ल्यूटनला प्रीमियर लीगमध्ये नेलं.

‘फर्ग्युसनचा दाखला शिळा झाला’

हाच तो बरोबर मुद्दा. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६मध्ये आला, पहिला एफए कप १९९०ला, पहिली लीग १९९३ला. तेव्हा खेळाडू शोधण्यापासून युवा संघापर्यंत सगळं मॅनेजर पाहत असे. आज स्पोर्टिंग डायरेक्टर, डेटा विभाग, सेट-पीसचा (कॉर्नर, फ्री-किकचा) वेगळा कोच असतो. नुसतं थांबणं म्हणजे धोरण नव्हे. युनायटेडने सोलशारला जुलै २०२१मध्ये नवा करार दिला आणि नोव्हेंबरात काढलं. टेन हागचा करार जुलै २०२४मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरात काढलं. हे दोन्ही निर्णय संयमाच्या नावाखाली झालेले.

पण फॅन्सचा राग ‘काढलं’ यावर असतो, हे गृहीतकच चुकीचं आहे. ब्रेंटफर्डचे फॅन्स डीन स्मिथ गेल्यावर सहायक थॉमस फ्रँकला बढती दिली म्हणून मालकाविरुद्ध बॅनर घेऊन उभे राहिले नाहीत. राग असतो तो कामाच्या क्रमावर. हा क्रम साधा आहे: आधी क्लबने कसं फुटबॉल खेळायचं ते लिहून ठरवायचं, मग स्पोर्टिंग डायरेक्टर, मग त्या शैलीत बसणाऱ्या पाच-सहा जणांची यादी, जी जुना मॅनेजर जिंकत असतानाही दर काही महिन्यांनी ताजी करायची, प्रत्येकाच्या करारातली सुटकेची रक्कम, त्याच्यासोबत किती जण येणार आणि हातातल्या खेळाडूंपैकी कितीजण त्याला चालतील, याची टिपणं. हकालपट्टी या सगळ्यानंतर.

टॉटनहॅमने २०२१मध्ये हा क्रम उलटा चालवला. लीग कपच्या अंतिम सामन्याला सहा दिवस असताना मोरिन्योला काढलं. पुढचा कोण, ठरलेलं नव्हतं. क्लबचा अध्यक्ष डॅनियल लेव्हीने मोकळ्या, आक्रमक खेळाचं आश्वासन दिलं. फोन्सेकाशी बोलणी फिसकटली, गात्तुसोच्या नावावर फॅन्स भडकले, शोध चालू असतानाच फुटबॉल विभागाचा प्रमुख म्हणून फाबियो पारातिचीला आणलं. ७२ दिवसांनी आला नुनो, म्हणजे बचाव आणि प्रतिहल्ल्यासाठी ओळखला जाणारा मॅनेजर. १ नोव्हेंबरला तोही गेला.

शैलीची उडी हंगामात मारली तर आणखी वाईट. हंगामापूर्वीचे सहा आठवडे हा सरावाचा एकमेव मोठा सलग काळ असतो. नंतर दर तीन-चार दिवसांनी सामना आला की एक दिवस विश्रांती, एक दिवस प्रतिस्पर्ध्याची तयारी, प्रेसिंग (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर मिळून दबाव टाकणं) शिकवायला वेळच नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्टने सप्टेंबर २०२५मध्ये, संघाला सातव्या क्रमांकावर नेऊन युरोपात परत आणणाऱ्या नुनोला काढलं. खोल बचावात मुरलेला तो संघ उंच बचावरेषेचा हट्ट धरणाऱ्या पोस्टेकोग्लूच्या हाती दिला. तो ३९ दिवस टिकला, एकही विजय न मिळवता.

‘भरपाई म्हणजे चिल्लर’

युनायटेडच्या हिशेबात टेन हाग आणि त्याच्या सहकाऱ्यांना घालवण्याचा खर्च १.०४ कोटी पौंड आहे. त्याच्या जागी आणलेल्या अमोरिमसाठी स्पोर्टिंग लिस्बनला १.१ कोटी युरो मोजले. यात नव्या माणसाचा आणि त्याच्या चार-सहा सहकाऱ्यांचा पगार धरलेला नाही. तरीही, एवढंच बिल असतं तर दावा मान्य केला असता.

खरा खर्च खेळाडूंत लपतो. पाच वर्षांच्या करारावर ५ कोटी पौंडांना घेतलेला खेळाडू हिशेबात दरवर्षी १ कोटीने उतरतो. दोन वर्षांनी नवा मॅनेजर आला, त्याच्या रचनेत ती जागाच नाही. पुस्तकी किंमत ३ कोटी. सगळ्यांना माहीत आहे की तो नकोसा झालाय, म्हणून बोली येते १.८ कोटीची. १.२ कोटींचा तोटा त्याच वर्षी लागतो. विकला नाही तर लोनवर जातो, निम्मा पगार आपणच भरतो आणि वार्षिक १ कोटी चालूच. असे तीन खेळाडू धरले की मॅनेजरची भरपाई खरंच चिल्लर वाटते, पण दाव्याला अपेक्षित असलेल्या अर्थाने नाही.

अमोरिमला विंगबॅकची, म्हणजे तीन बचावपटू आणि दोन्ही कडांना वर-खाली धावणारे खेळाडू अशी, रचना हवी होती. हातात होता चार बचावपटूंच्या रचनेसाठी, त्याच उन्हाळ्यात सुमारे २० कोटी पौंड खर्चून मजबूत केलेला संघ. हंगाम पंधराव्या क्रमांकावर, ४२ गुणांवर संपला.

एव्हर्टनमध्ये मालक मोशिरीच्या काळात कूमनपासून डायचपर्यंत सात कायमस्वरूपी मॅनेजर झाले, प्रत्येकाची चव वेगळी. २०१७च्या उन्हाळ्यात रूनी, क्लासेन आणि सिगुर्डसन असे तिघे जवळपास एकाच जागेवर खेळणारे आले, आणि गेलेल्या लुकाकूच्या तोडीचा स्ट्रायकर आलाच नाही. सुमारे २.४ कोटींना घेतलेला क्लासेन वर्षभरात जवळपास निम्म्या किमतीत गेला. प्रीमियर लीगच्या त्या वेळच्या नियमाने तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालत असे. अकादमी, महिला संघ, स्टेडियम यांवरच्या खर्चाला त्यात सूट होती. मॅनेजरच्या भरपाईला आणि पडेल भावाने विकलेल्या खेळाडूला नव्हती. २०२३-२४मध्ये एव्हर्टनचे दोन वेळा मिळून आठ गुण कापले गेले. सगळा दोष मॅनेजर बदलण्याचा नव्हता, स्टेडियमच्या कर्जाचाही वाद होता. पण दर दीड वर्षाने संघाची दिशा बदलणाऱ्या क्लबकडे चुकायला जागा उरत नाही.

‘पैसा मालकाचा’

सगळीकडे नाही. २००५मध्ये ग्लेझर कुटुंबाने युनायटेड घेतला तो मोठ्या कर्जावर, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. टेन हागला काढल्यावर महिनाभरात त्याच क्लबने उरलेल्या हंगामातल्या सामन्यांच्या शिल्लक सदस्य-तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. लहान मुलं आणि ज्येष्ठांची सवलतही काढली. त्याच वर्षी सुमारे २५० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्या क्लबच्या फॅनला ‘तुझा काय संबंध’ असं विचारणं जरा धाडसाचंच.

मॅनेजर फॅन्सच्या मतदानाने निवडावा, अशी मागणी जवळपास कोणीच करत नाही. जर्मनीत ५०+१ नियमाखाली मतांचं बहुमत सदस्यांकडे असतं, तिथेही कोच क्लबचे पदाधिकारीच नेमतात. इंग्लंडच्या २०२५च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीच्या रंगांवर फॅन्सना संरक्षण दिलं. मॅनेजरच्या नेमणुकांना हात लावलेला नाही. पण २०२३-२४पासून प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबला फॅन सल्लागार मंडळ ठेवावं लागतं आणि संचालक पातळीवरचा एक माणूस त्यासाठी नेमावा लागतो. त्याच्यासमोर लेखी विचारता येतील असे प्रश्न आहेत: पुढच्या मॅनेजरची यादी कोण ठेवतं आणि ती शेवटची कधी तपासली? गेल्या तीन हकालपट्ट्यांचा एकूण खर्च, सहकारी धरून, किती? गेल्या खिडकीत घेतलेल्यांपैकी किती खेळाडू मॅनेजरच्या शिफारशीवर आले आणि किती भरती विभागाच्या? यातल्या कोणत्याही प्रश्नाला उत्तर देताना क्लबचं व्यापारी गुपित फुटत नाही.