मुलांची आबाळ आणि रुग्णालयातले विखुरलेले कागद

मुलाच्या पाठीवर वळ दिसला, की अपघात विभागातला नवखा डॉक्टरही थबकतो आणि वरिष्ठांना बोलावतो. आबाळ झालेल्या मुलाच्या बाबतीत असे थबकणे सहसा घडत नाही. त्याचा दात किडलेला असतो, लसीचा डोस चुकलेला असतो, चष्मा लावायला सांगून वर्ष उलटलेले असते, आणि यांतली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर कोणत्याही धावपळीच्या घरात घडू शकेल अशीच असते. दंतवैद्य दात पाहतो, नेत्रतज्ज्ञ डोळे तपासतो, परिचारिका डोसची नवी तारीख देते. मूल मात्र कोणाच्याच कागदावर पूर्ण उतरत नाही. हेळसांड नजरेतून सुटते ती डॉक्टरांच्या अज्ञानापेक्षा या नोंदी एकत्र न वाचल्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मारहाण झालेल्या मुलांवरचा लेख १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैद्यकक्षेत्राचे लक्ष एक्स-रेमधल्या जुन्या-नव्या फ्रॅक्चरकडे वळले. मुलाला काय केले गेले हे शोधण्याची सवय त्यातून लागली. त्याच्यासाठी काय केले गेले नाही, हे शोधण्याची तितकीशी लागली नाही. वास्तविक संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १९ वे कलम हिंसेच्या बरोबरीने दुर्लक्षाचाही स्पष्ट उल्लेख करते.

टाइप १ मधुमेह (ज्यात रोज बाहेरून इन्शुलिन घ्यावेच लागते) असलेली नऊ वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. घरून आणलेल्या वहीत महिनाभराचे साखरेचे आकडे एकाच पेनाने सलग लिहिलेले आहेत आणि सगळे उत्तम आहेत. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी मात्र ११ टक्क्यांच्या वर, म्हणजे फारच जास्त आहे, आणि ग्लुकोमीटरमधले (घरी साखर मोजायच्या यंत्रातले) जुने आकडे पाहिले तर दिवसच्या दिवस कोरे आहेत. कीटोॲसिडोसिस, म्हणजे इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याची गंभीर अवस्था, होऊन ती दुसऱ्यांदा भरती झाली आहे आणि वॉर्डात वेळेवर इन्शुलिन मिळताच साखर आटोक्यात येते. अशा वेळी ‘इन्शुलिन देता ना?’ असे विचारले, तर उत्तर ‘हो’ असेच येणार. ‘सकाळचे इंजेक्शन कोण देते, त्या वेळी घरात आणखी कोण असते?’ असे विचारले, तर कदाचित कळेल की आई पहाटेच कामावर जाते आणि मुलगी स्वतःच सुई टोचून घेते, किंवा घेत नाही.

या आईला लगेच दोषी ठरवणे मला मान्य नाही. पैशांची चणचण, नैराश्य, घरातली मारहाण, नीट समजावून न सांगितलेले औषधोपचार, यांपैकी काहीही यामागे असू शकते आणि त्यातले बरेचसे मदतीने सुटण्यासारखे असते. वजन न वाढणाऱ्या बाळाच्या बाबतीतही सीलिॲक (गव्हातले ग्लुटेन न सोसण्याचा आतड्यांचा आजार) किंवा हृदयाचा आजार तपासायलाच हवा. फक्त सगळे अहवाल येईपर्यंत घरच्या परिस्थितीची चौकशी लांबणीवर टाकू नये. पण समजुतीलाही मर्यादा हवी. कीटोॲसिडोसिसने मूल दगावू शकते. मदत देऊ केली, अडचण दूर केली, पुढची तारीख ठरवून दिली, तरीही मूल पुन्हा त्याच अवस्थेत परतले, तर कारण कितीही करुण असले तरी मुलाचे नुकसान तेवढेच असते. (उलट बाजूही नोंदवतो: नीटनेटके, इंग्रजी बोलणारे पालक समोर असले, की हेळसांडीचा संशय आपल्या मनाला शिवतही नाही.)

संशय आला की तो केसपेपरवर कसा उतरतो, याला फार महत्त्व आहे. ‘आई निष्काळजी’ या शेऱ्याचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही. किती भेटी चुकल्या, वजन किती होते, कपडे आणि त्वचा कोणत्या स्थितीत होती, मूल नेमके कोणत्या शब्दांत काय म्हणाले, हे तारीख-वेळेसह लिहावे आणि आपला अंदाज वेगळा लिहावा. मुलाशी एकांतात बोलावे, पण त्याची उलटतपासणी करू नये आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. भरती असताना मुलाला भेटायला कोण आले, कोण आलेच नाही, हे वॉर्डातल्या मावशींना डॉक्टरांपेक्षा अधिक ठाऊक असते, त्यांनाही विचारावे.

पुरावा गोळा होईपर्यंत थांबणाऱ्यांशी माझा सगळ्यात मोठा मतभेद आहे. अनेक देशांच्या कायद्यांत आरोग्य कर्मचाऱ्याने वाजवी संशय कळवणे अपेक्षित असते. शहानिशा हे बालसंरक्षण यंत्रणेचे काम आहे. वरिष्ठ आणि वैद्यकीय समाजसेवक यांच्याशी त्याच दिवशी बोलावे, आणि मुलाला कोणाच्या हवाली करतो आहोत हे ठरल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नये. मुलाला त्यामुळे धोका वाढणार नसेल, तर आपण काय कळवतो आहोत आणि का, हे पालकांना समोर बसवून साध्या शब्दांत सांगावे. ते चिडतील, कदाचित रुग्णालयही बदलतील. म्हणून पुढच्या रुग्णालयाला आधीची माहिती कोण आणि कशी पोहोचवणार, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.