आरओचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये ओतू नका, बाप्पा!

आमच्या नागपूरच्या बेसा-मनीषनगर पट्ट्यात एक नवीन काटकसर घरोघरी चालू आहे. आरओच्या, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या, नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं अन् संध्याकाळी कूलरमध्ये ओतायचं. पाणी वाचवायची नियत चांगली आहे, जागा तेवढी चुकली.

आरओ काही क्षार गिळून टाकत नाही. प्यायच्या पाण्यातले क्षार तो त्या वाया जाणाऱ्या पाण्यात ढकलतो. बोअरचं पाणी आधीच जड, हे त्याहून जड. अन् कूलरमध्ये फक्त पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. फ्लोट लावला असेल तर नवीन पाणी येत राहतं अन् टाकीतलं दिवसेंदिवस खारट होत जातं. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की कूलर रात्रंदिवस चालतो. तेव्हा खसच्या काड्यांवर पांढरी पापडी धरते, बोटानं दाबली की कडकड तुटते. वरच्या नळीची भोकं बुजतात, पाणी एकाच कोपऱ्यातून गळतं, बाकीची खस कोरडी. मग आपण म्हणतो, यंदा कूलर हवाच थंड देत नाही!

ते पाणी संडासात टाका, पोर्च धुवा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा. डेंग्यूच्या डासांसाठीही ते करायचंच असतं.

आता आरओ मशीन विकणाऱ्यांबद्दल. आमच्याकडे एक जण दोन ग्लास अन् विजेच्या सळ्या घेऊन आला होता. बोअरच्या पाण्यात सळ्या बुडवल्या, दोन मिनिटांत पाणी तपकिरी, वर गाळ. आरओचं पाणी मात्र स्वच्छ. शेजारच्या काकू तर घाबरल्याच. अहो, तो गंज त्या लोखंडी सळीचा आहे! क्षार असले की पाण्यातून वीज वाहते अन् सळी झिजते. आरओच्या पाण्यातून ती नीट वाहतच नाही. बाकी काही जादू नाही.

टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या पेननंही जडपणा कळत नाही. त्याला सगळेच क्षार सारखे. जडपणा म्हणजे कॅल्शियम अन् मॅग्नेशियम, तो प्रयोगशाळेत वेगळा मोजून घ्यावा. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) लिटरला २०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर लावल्यावर "टीडीएस तर तेवढाच आहे, फसवलं" म्हणणारेही भेटतात. तो तेवढाच राहणार. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. म्हणून त्याला मीठ लागतं, अन् ते मिठाचं पाणी शेवटी नालीतच जातं. अख्ख्या घराला तो लावायची घाई मला पटत नाही.

माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे कन्हान किंवा पेंच नदीचं नळाचं पाणी थोडं का होईना येतं, त्यांनी ते स्वयंपाकाला अन् गिझरला ठेवावं. तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाणेदार राहते, कॅल्शियम तिला मऊ होऊ देत नाही. गिझरचंही तसंच. पाणी तापलं की क्षार कॉइलवर बसतात, बिल वाढतं अन् एक दिवस कॉइल जाते.

पण अडचण अशी की आपल्याकडे बऱ्याच बिल्डिंगांत बोअर अन् नळ वरच्या एकाच टाकीत सोडतात. नवीन फ्लॅट बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचन नंतर पाहा, आधी गच्चीवर चढून टाक्या किती अन् कोणती लाइन कुठं जाते ते पाहा.